सुरभीचं दूध आणि वाकलेलं हाड

हाड वाकलं. मोडलं नाही, तडकलंही नाही. भोपळ्याच्या वेलीच्या कोवळ्या टोकासारखं निमूट वाकलं, आणि मांडवातली सगळी माणसं एकदम ‘देवा रे!’ म्हणाली.

हाड कोंबडीच्या तंगडीचं होतं आणि ते वाकवलं होतं प्राजक्ताने, स्वतःच्या बोटांनी. म्हणजे हातचलाखीचा संशय घ्यायलाही जागा उरली नाही. देवबागच्या त्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर, एकीकडे खाडी आणि दुसरीकडे समुद्र अशा जागी, प्राजक्ता आणि तिचा नवरा सुशांत यांचं होमस्टे होतं. ज्या मांडवात एरवी पर्यटक सुरमईच्या थाळ्यांवर तुटून पडायचे, त्याच मांडवात गेले काही सोमवार गोरसानंद महाराजांची बैठक भरत होती. सोमवारच का? तर सोमवारी इथल्या बहुतेक हिंदू घरांत मासे शिजत नाहीत. महाराज घाटावरून आलेले असले तरी एवढी चौकशी करूनच आले होते. ज्याच्या ताटात आज मासा नाही, त्याला माशाची निंदा लवकर पटते.

“पाहिलंत?” महाराज म्हणाले. कोंबडीच्या हाडाला ते हात लावत नसत, ‘कुक्कुटास्थी’ म्हणून लांबूनच बोट दाखवत. “गेल्या सोमवारी दोन बरण्यांत दोन अस्थी ठेवल्या. ही सुरभीच्या दुधात. हिला वाकवून बघा! वज्र आहे वज्र! आणि ही ठेवली तुमच्याच घरांतून आलेल्या, मासे धुतलेल्या पाण्यात. सात दिवसांत तिची ही गत! मग ज्या पोराच्या पोटात जन्मापासून मासाच जातोय, त्याच्या अस्थींचं काय होत असेल, मातांनो?”

माता हवालदिल झाल्या. प्राजक्ताची तन्वी, तिसरीतली, अंगाने काडी. होडीवरून घसरून पडली आणि मनगट मोडून बसली. त्या प्लास्टरमधल्या हाताकडे बघत प्राजक्ता ते मऊ हाड बोटांत धरून उभी होती. महाराजांनी हाड वाकवायला नेमकं तिलाच का पुढे बोलावलं, हे विचारायचं तिला सुचलं नाही. दुसऱ्या कुणाला सुचलं असतं तरी त्याने विचारलं नसतं.

दुधाच्या कामाला लावलेली महाराजांची गाय सुरभी माडाला बांधलेली होती, गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला कुंकू. मागे न्हाणीघराच्या आडोशाला तिचं वासरू सारखं हंबरत होतं. प्रवचनात त्याचा अडथळा व्हायला लागला तसे महाराज डोळे मिटून म्हणाले, “ऐका! वासरूसुद्धा ओंकार म्हणतंय.”

लोकांनी हात जोडले.

हे सगळं गडग्यापलीकडून ब्रेंडा बघत होती आणि तिचं डोकं तापत होतं. ब्रेंडा मालवणच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. प्राजक्ताचं घर आणि तिचं घर यांच्यात एक दगडी गडगा, कुंपणाची बुटकी भिंत, तेवढी होती. त्या गडग्यावरून गेली कित्येक वर्षं नाताळच्या नेवऱ्या इकडून तिकडे आणि चतुर्थीचे मोदक तिकडून इकडे जात आले होते. मूर्खपणा दिसला की गप्प बसता येत नाही, हा ब्रेंडाचा स्वभाव. त्यापायी तिची नोकरी दोनदा जाता जाता राहिली होती.

महाराजांचं शास्त्र मोठं सोयीचं होतं. माशावर दूध प्यायलं की अंगावर कोड उठतं, ही भीती या किनाऱ्यावर प्रत्येकाने आजीच्या मांडीवरच ऐकलेली. सुरमई खाल्ल्यावर चहासुद्धा कोरा पिणारी माणसं इथे आहेत. महाराजांनी ही भीती बरोबर हेरली. “मासा आणि दूध यांचं वैर आहे, हे तुमच्या आज्यांना कळत होतं,” ते म्हणत. “वैर आहे म्हणजे एक शुद्ध आणि एक अशुद्ध असणारच! समुद्रातला मळ मासा खातो, तो मळ तुमच्या अस्थींत उतरतो. त्याचं नाव मत्स्यमल! परदेशातल्या शास्त्रज्ञांनीसुद्धा हे आता मान्य केलंय.” कुठल्या परदेशातल्या, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी कुणी तिथे फोन लावणार नव्हतं.

उपाय एकच. मासे बंद आणि सुरभीचं दूध दोन वेळा. “दूध पोटात गेलं की मत्स्यमल पळू लागेल. पोट गुडगुडेल, ढवळेल, जुलाब होतील. घाबरू नका! तो मळ बाहेर पडतोय.”

“आणि काय्येक जावक नाय तर?” एका म्हाताऱ्याने विचारलं होतं.

“तर तुम्ही पुण्यवान. तुमच्यात मळच नाही.”

म्हणजे पोट बिघडलं तरी महाराज खरे, न बिघडलं तरी महाराज खरे. असं दुकान कधी तोट्यात जात नाही. आणि देवबागात पोटं बिघडत होती, घरोघरी बिघडत होती! ज्या पोरांनी कळत्या वयात कधी पेलाभर दूध प्यायलं नव्हतं, ती आता सकाळ-संध्याकाळ तांब्या रिकामा करत होती आणि परसाकडे धावत होती. जितके जुलाब जास्त तितकी भक्ती वाढत होती. एकटी सुरभी सगळ्या देवबागला दूध पुरवत होती, हा तर आणखीच मोठा चमत्कार. त्याचा मात्र महाराज कधी गाजावाजा करत नसत.

बैठक उठता उठता सर्वांसमोर पुन्हा दोन बरण्या भरून, फडकी बांधून महाराजांच्या खोलीत गेल्या आणि महाराजांनी डाव टाकला. येत्या सोमवारी ‘महाशुद्धी’. ज्या पोरांच्या अस्थींना दोष आहे, ती त्या दिवसापासून पौर्णिमेपर्यंत फक्त सुरभीच्या दुधावर राहतील. अन्नाचा कण नाही, पाण्याचा घोट नाही. पहिला मान तन्वीचा, म्हणून तिचं पाणी आजपासूनच तोडायचं.

त्याच संध्याकाळी ब्रेंडा गडगा ओलांडून गेली.

“प्राजक्ता, त्या पोराक नुसत्या दुधावर ठेवतलंस? येडी झालंस काय गो?”

“बाई, हाड मी माज्या हातान वाकवलंय,” प्राजक्ता म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “माका कोणी सांगूक नाय, मी बगलंय. माज्या चेडवाचा हाड तसाच जाला आसात तर?”

“माशाच्या पाण्यात हाड वाकत नाय. त्या बरणीत दुसरा काय तरी आसा.”

“काय आसा?”

ते ब्रेंडाला तेव्हा सांगता आलं नाही. अंदाज होता, पण पुरावा नव्हता. तेवढ्यात सुशांत बाहेर आला. चांगला मुलगा, बोट चालवणारा, कधी वावगा शब्द न बोलणारा. पण महाराजांचा मुक्काम त्याच्या घरात होता आणि गावात त्याला अचानक मान मिळायला लागला होता. मान मिळाला की माणसाचं अर्धं डोकं पाहुण्यासारखं बाहेर जातं.

“बाई, तुमी शिकलेल्या, पण ह्याच्यात पडा नकात,” तो म्हणाला. “लोक आताच बोलतत. ती क्रिस्तांव, तिका गाईचा काय पडलेला, असा म्हणतत.”

ब्रेंडाला हे लागलं. रागही आला, पण आधी लागलं. तिला काय पडलंय ते तिथेच ओसरीवर बसलं होतं, प्लास्टरवर पेनाने मासा काढत. आणि तो मासा कुणाला दिसू नये म्हणून तन्वीने त्यावर फ्रॉकची चुणी ओढून घेतली. आठ वर्षांच्या पोरीला चित्रातल्या माशाचीही लाज वाटायला लावली होती त्या बाबाने.

घरी आल्यावर तिने चूल पेटवायच्या आधी तीन बरण्या काढल्या आणि प्रत्येकीत कोंबडीचं एक हाड टाकलं.

मधल्या दिवसांत एकदा शाळेच्या व्हरांड्यात तन्वी कोसळली. तोंड कोरडं, डोळे खोल गेलेले, ओठांवर साल. तीच शाळा, ब्रेंडाचीच. तिने पोरीला उचललं आणि रिक्षात घालून डॉक्टर निदा यांच्या दवाखान्यात नेलं. प्राजक्ता मागून रडत धावत आली.

निदाने पोरीला मीठ-साखरेचं पाणी घोटघोट पाजलं, पोट तपासलं आणि मग प्राजक्तापुढे स्टूल ओढून बसली.

“किती दूध देतेस हिला?”

प्राजक्ताने सांगितलं.

“आणि आधी देत होतीस?”

“नाय. ती पियाच नाय. लहानपणी अंगावरचा सोडल्यान तेव्हापासना नाय.”

“बघ, दुधात एक साखर असते,” निदा म्हणाली. “ती पचवणारा रस तान्ह्या बाळाच्या पोटात भरपूर असतो, कारण दूध हेच त्याचं जेवण. मोठं होताना बऱ्याच माणसांच्या पोटात तो रस कमी कमी होत जातो. मग दुधातली साखर न पचता आतड्यात पुढे जाते, आंबते, गॅस धरतो, जुलाब होतात. ह्यात मळ नाही, पाप नाही आणि मासाही नाही. तुझ्या पोरीला दूध सोसत नाही, एवढंच. आणि तू तेच पाजतेस, वर पाणी तोडतेस.”

“पण हाड?”

“हाडाला दूधच लागतं असं कोणी सांगितलं तुला? हाडाला लागतं ते कॅल्शियम. नाचणीत आहे, तिळात आहे, सुकटीत आहे. पेडव्यांसारखे बारके मासे काट्यासकट चावून खाते ना ही? त्यात तर आहेच. तो हात आपोआप जुळून येतोय, मी फोटो पाहिलाय. जुळला की तुझा महाराज म्हणेल माझ्या दुधाने जुळला. नाही जुळला तर म्हणेल माशाने सडला.”

घरी जाताना रिक्षात प्राजक्ताने तन्वीचं डोकं मांडीवर घेतलं आणि वाटभर ती नुसती खाडीकडे बघत राहिली. पण घरी पोचताच महाराजांचा शिष्य चंदन दारात उभा होता. “पोरगी पडली ना? मळ सुटायला लागला की असंच होतं. आता अर्ध्यात सोडलंत तर तोच मळ मेंदूत चढेल,” तो म्हणाला. अर्धवट पटलेली गोष्ट भीतीपुढे किती वेळ टिकणार! प्राजक्ताने पुन्हा पेला भरला. मात्र तन्वीने प्यायल्यावर तिने चोरून पाणीही पाजलं.

पुरावा ब्रेंडाच्या घरात तिच्या नवऱ्याच्या काकाच्या पावलांनी चालत आला. रोझारियो अंकलकडे चार माड होते. त्यांची माडी मुरवून ते विनागर करायचे, म्हणजे आपलं व्हिनेगर, पण बाजारातल्या पांढऱ्या पाण्याशी त्याचा संबंध नाही. अस्सल, नाकात झिणझिण्या आणणारं. ख्रिस्ती घरांतलं मटण त्याच्याशिवाय होत नाही. हिंदू गिऱ्हाईक त्यांच्याकडे क्वचितच यायचं.

“गो ब्रेंडा,” अंकल खुर्चीवर टेकत म्हणाले, “तो बाबाचो चेलो बरो माणूस आसा हां. परत कॅन घेवन गेलो. म्हणता लोणचा घालतंय.”

ब्रेंडाच्या हातातला कप तसाच राहिला. कांदा-लसूण न खाणाऱ्या महाराजांच्या मुक्कामी माडीचं विनागर!

“किती लोणचा घालता तो?”

“ता माका काय ठावक? मी इचारलंय, आंब्याचा काय लिंबाचा, तर हसलो नुसतो.”

ब्रेंडा उठली आणि स्वतःच्या तीन बरण्यांची झाकणं उघडून बघायला गेली. माशाच्या पाण्याच्या बरणीचं झाकण उघडल्यावर तिने नाकाला पदर लावला आणि ती चक्क हसली.

सोमवारी मांडव फुलून गेला होता. शेजारच्या गावांतूनही माणसं आली होती. पुढच्या रांगेत महाशुद्धीची पोरं पाटावर बसवलेली, कपाळांना गंध. तन्वी सगळ्यात पुढे. तिचा चेहरा पिवळा पडला होता.

ब्रेंडा पिशवी घेऊन गडग्याच्या फाटकातून आत शिरायला लागली तर सुशांत आडवा आला.

“बाई, नको.”

“सुशांत, वाट सोड.”

“नको म्हणतंय ना!” त्याच्या मागे आणखी तिघे-चौघे उभे राहिले. एकजण म्हणाला, “हिका काय गाईचा दूध सोसत नाय म्हणान आमच्या पोरांनी पिया नये?” दुसऱ्याने आणखी वाईट काही म्हटलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला. “सुशांता! घर कोणाचा आसा?”

सुशांतची आई काशीबाई. तिने उभा जन्म डोक्यावर माशाची पाटी घेऊन मालवणच्या बाजारात काढला होता. गेले काही आठवडे त्याच पाटीला तिच्याच अंगणात बंदी होती. ती पाटी गडग्यापलीकडे ब्रेंडाच्या पडवीत ठेवायची आणि हात धुऊन घरात यायची, चोरासारखी.

“तुजा आसा, आये.”

“मगे बाईक भुतूर येवंदे. ह्या पाटीवर मी चार पोरा वाढवलंय. एकाचा तरी हाड वाकला काय रे? तुजा वाकला? बघू, हात पुढे कर, वाकवतंय!”

कुणीतरी फिसकन हसलं. सुशांत बाजूला झाला.

चंदनने शेंदूर लावलेल्या बरणीचं फडकं नुकतंच सोडलं होतं. ब्रेंडा मांडवाच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि शाळेत बोलते तशी शुद्ध मराठीत म्हणाली, “महाराज, एक शंका आहे. या बरणीत माशाचंच पाणी आहे ना?”

“यांच्याच घरांतलं. सर्वांसमक्ष ओतलंय.”

“सात दिवसांपूर्वी?”

“सात दिवसांपूर्वी.” महाराज दयाळूपणे हसले. “शंका असणं वाईट नाही, ताई. श्रद्धा नसणं वाईट.”

ब्रेंडा लोकांकडे वळली. आता तिची भाषा बदलली.

“गे बायांनो, मासे धुतलेला पाणी परसात एक दिस रवला तर काय जाता?”

“घाण येता,” कुणीतरी म्हणालं.

“आणि आठ दिस रवला तर?”

“घरात रवाक जावचा नाय!” एक बाई बोलून गेली आणि बोलता बोलताच थांबली.

“मगे ह्या बरणीक कुजक्या माशाचो वास खंय आसा? आणि मांजरा खंय आसत? देवबागात कोणी नुसता कोयतो घासलो तरी चार मांजरा जमतत. आठ दिसांचा माशाचा पाणी हय उघडा आसा, आणि एक मांजर फिरकूक नाय!”

पिढ्यान् पिढ्या माशावर जगलेल्या माणसांना हे सुचलं नव्हतं. सुचणार कसं? उदबत्त्या, धूप, कापूर यांचा डोंब उसळलेला, आणि भीती वाटली की माणूस आधी नाकच गहाण टाकतो. घाटावरच्या बाबाला मासा कुजतो कसा ते माहीत नसणं समजण्यासारखं आहे. देवबागकरांना नसावं?

“सुरभीच्या सान्निध्यात दुर्गंध राहत नाही!” महाराज म्हणाले. पण आवाज जरा चढला होता.

ब्रेंडाने पिशवीतून खायच्या सोड्याची पुडी काढली. तशी महाराजांनी हात वर केला. “परधर्मीय हात बरणीला लागता कामा नये!”

“माझा हात लागणार नाही. हाड जिने वाकवलं होतं तीच टाकेल. प्राजक्ता, ये.”

सगळे प्राजक्ताकडे बघायला लागले. तिने एकदा महाराजांकडे पाहिलं, एकदा पाटावर बसलेल्या आपल्या पोरीकडे. तन्वीची मान एका बाजूला कलली होती. प्राजक्ता उठली, पुडी घेतली आणि चिमूटभर सोडा बरणीत टाकला.

फस्‌स्‌! बरणीतून पांढरा फेस उसळून वर आला, काठावरून वाहिला, शेंदूर घेऊन जमिनीवर आला.

“पाहा! पाहा!” महाराज ओरडले. “मत्स्यमल उसळला! प्रत्यक्ष पाहा!”

माणूस हजरजबाबी होता हे मान्य करायला हवं. अर्धा मांडव पुन्हा हात जोडायला लागला. ब्रेंडाने घाई केली नाही. तिने आपल्या दोन बरण्या टेबलावर मांडल्या आणि पहिलीचं झाकण उघडलं. पुढच्या रांगा उठून मागे पळाल्या. कुजक्या माशाची ती घाण अशी होती की एका पोराला उलटी आली. आणि खरोखरच, गडग्यावरून एक बोका उडी मारून खाली उतरला.

“ह्या माशाचा पाणी. माझ्या घरचा, जवळजवळ आठवड्याचा. प्राजक्ता, टाक सोडा.”

सोडा टाकला. काही झालं नाही. ब्रेंडाने चिमट्याने आतलं हाड काढून काशीबाईच्या हातात दिलं. काशीबाईने वाकवून बघितलं, दगडासारखं कडक.

“आता ही दुसरी. ह्याच्यात विनागर आसा, आमच्या रोझारियो अंकलचा.” सोडा पडला तसा तोच फेस, तीच फस्‌स्‌. ब्रेंडाने हाड काढलं, पाण्याने धुतलं आणि तन्वीच्या हातात दिलं. पोरीने ते एका हाताने सहज वाकवलं. “तिसरी घरी आसा, नुसत्या पाण्याची. तेच्यातलाय हाड कडकच. हाडातला कॅल्शियम आंबटात विरघळता. मागे रवता ता मऊ. महाराज, हे आम्ही सातवीच्या पोरांना शिकवतो.”

मागच्या रांगेतून रोझारियो अंकल काठी टेकत उठले. त्यांना आता कुठे उलगडा होत होता.

“चंदना! मेल्या! लोणचा मुरला काय रे तुजा?”

मांडव फुटल्यासारखा हसला. चंदनच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला आणि त्या रंगानेच उरलेलं सांगून टाकलं.

“पण पोटात ढवळता ता खरा ना?” एक बाई रडवेल्या आवाजात म्हणाली. “माज्या झिलाक पंधरा दिस जुलाब जातत. मळ नाय तर ता काय?”

“ता दूध,” ब्रेंडा म्हणाली आणि निदाने सांगितलेलं सगळं तिने सोप्या शब्दांत सांगितलं. “हे रोझारियो अंकल. रोज रात्री दूध पितत आणि रोज मासे खातत. दूध मासो भायर काढता तर तेंचो पयलो निघाक व्हयो होतो. अंकल, त्या दिवशी प्रसादाचे दोन पेले पियालात, काय जाला?”

“माका? माका झोप इली.”

“तेंका दूध सोसता, सवय आसा. तन्वीक सोसत नाय. एवढाच! मळाची गजालच खोटी.”

एवढ्यात बघितलं तर महाराजांचं आसन रिकामं होतं. मागच्या बाजूला गाडीचा दरवाजा आपटल्याचा आवाज आला. सुशांत धावला, त्याच्यामागे ते मघाचे तिघे-चौघे. गाडी वाळूत रुतली, चाकं फिरली आणि धूळ उडवत निघून गेली. चंदनलाही घ्यायचं महाराजांना सुचलं नाही. त्याला लोकांनी पकडून पोलीस पाटलाच्या स्वाधीन केलं. गाडी होती तिथे दूध पावडरची रिकामी पोती मिळाली. सुरभी सगळ्या देवबागला पुरत होती ती अशी.

आता सगळे लाजले असतील, ब्रेंडाची माफी मागितली असेल, असं कुणाला वाटत असेल तर त्याने माणसं पाहिलेली नाहीत. बरेच जण खाली मान घालून निघून गेले. एकजण जाता जाता म्हणाला, “काय जाला तरी बाईन गाईचो अपमान करूक नको होतो.”

ब्रेंडा भडकली. “अपमान? चला, दाखवतंय गाईचो अपमान!”

ती तरातरा न्हाणीघराच्या मागे गेली. तिथे ते वासरू होतं, ओंकार म्हणणारं. बरगड्या मोजता येतील असं. तोंडाला खिळ्यांचं मुसकं, आईला लुचायला गेलं तर तिलाच टोचून तिने लाथ मारावी म्हणून. ओरडून ओरडून घसा बसलेला. मागोमाग आलेल्यांनी ते मुसकं वाकून पाहिलं. मघाचा माणूस मागच्या मागे सटकला.

प्राजक्ता पुढे झाली. तिने मुसकं सोडलं, दावं सोडलं. वासरू लटपटत माडापर्यंत गेलं आणि सुरभीच्या कासेला धडकलं. सुरभी त्याला चाटायला लागली. तिच्या गळ्यातली झेंडूची माळ दोघांच्या मध्ये येत होती, ती प्राजक्ताने तोडून टाकली.

तन्वी पाटावरून उठून आली होती. बघत राहिली, मग म्हणाली, “आये, ता दूध तेचा होता?”

“होय गो.”

“मगे माका कित्याक दिलंस?”

प्राजक्ता पोरीला पोटाशी धरून तिथेच वाळूत बसली आणि मोठ्याने रडली. जे पोरीला सोसत नव्हतं ते आपण भल्यासाठी म्हणून तिच्या घशाखाली ओतत होतो आणि ज्याचं होतं ते भुकेने ओरडत होतं, ते ओरडणंही हात जोडून ऐकत होतो, हे तिला एकदमच कळलं. असं कळणं फार जड असतं.

दूध हे विष नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. ज्याला सोसतं त्याने खुशाल प्यावं, आवडीने प्यावं. दही सोसत असेल तर दही खावं. पण गाईचं दूध नाही म्हणून माणसाचं पोर वाढत नाही, हाडं मऊ पडतात, हे धडधडीत खोटं आहे. या किनाऱ्यावरच्या पिढ्या पेडव्यांवर, सुकटीवर, नाचणीवर वाढल्या आणि त्यांनी वादळात होड्या ओढल्या. कुणी तुमच्या पोराच्या तोंडाशी पेला धरला की विचारा: यात काय आहे? कशावरून? आणि बरणी झाकलेली का आहे? एवढं विचारल्यावर जो रागावतो, त्याच्या हातून पाणीसुद्धा पिऊ नका.

मंगळवारी सकाळी काशीबाईने पाटी ब्रेंडाच्या पडवीत ठेवली नाही. ती डोक्यावर घेऊन सरळ आपल्या अंगणात आली आणि सुशांतने पुढे होऊन ती उतरवून घेतली. दुपारी गडग्यावरून झाकलेली थाळी ब्रेंडाकडे आली. नाचणीची भाकरी होती आणि वर तळलेले पेडवे. थाळी तन्वीने आणली होती, प्लास्टरच्या हाताने सांभाळत. त्या प्लास्टरवर आता दोन मासे होते आणि तिने ते झाकले नव्हते.